फोटोंचा गेटपास

भावोजी मला एरवी नावाने हाक मारतात. रागावले की ‘मॅडम’ म्हणतात. त्या सकाळी ते माझ्या केबिनच्या दारातूनच म्हणाले, “मॅडम, हा क्लाऊड नक्की असतो कुठे? एकदा जाऊन बघून येईन म्हणतो. एवढं भाडं घेतोय, तर निदान छप्पर तरी धड घातलंय का बघावं.”

हातात बिल होतं. एका ओळीखाली त्यांनी बॉलपेनने इतक्या जोरात रेघ ओढली होती की कागद फाटला होता.

भावोजी म्हणजे माझे मोठे दीर. उरणला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कंटेनर यार्ड आहे. रिकामे कंटेनर येतात, थांबतात, पुन्हा माल भरायला जातात. मालक भावोजी. माझे यजमान ट्रेलर बघतात, म्हणजे बहुतेक वेळ कुठल्या तरी बिघडलेल्या ट्रेलरशेजारी उभे असतात. ऑफिस माझ्याकडे. कुठली गोष्ट कोणत्या खणात, कोणतं काम कोणत्या वारी, कोणाला कधी आठवण करायची, हे सगळं मी ठरवते. घरच्यांना याचा त्रास होतो, पण चावी हरवली की सगळे माझ्याकडेच येतात.

या धंद्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं: कंटेनरला पोचा कोणी पाडला? जहाजवाल्यांचा एजंट म्हणतो यार्डाने, यार्ड म्हणतं ड्रायव्हरने, ड्रायव्हर म्हणतो आधीचाच आहे, देवाशपथ. म्हणून मी गेटवर कॅमेरे बसवून घेतले. कंटेनर आत येताना आणि बाहेर जाताना सगळ्या बाजूंनी फोटो निघतात. क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवर, आमचा एक प्रोग्रॅम त्या कंटेनरचे जुने फोटो काढून नव्याशी ताडून पाहतो. शंका आली की फोटो आमच्या गेटच्या टेबलावर येतो. तिथे दोघी बसतात. निकाल त्यांचा.

दोघींतल्या मोठीला सगळे ड्रायव्हर काकी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काकीचं अर्धं आयुष्य मिठागरावर गेलं. मिठागरावर भराव पडला, तेव्हा ती कोळंबी सोलायच्या शेडमध्ये गेली, दिवसभर बर्फात हात. हे टेबल तिची कोरड्या हातांची पहिली नोकरी. लोखंडावरचा पोचा तिला पडद्यावरही असा दिसतो, जसा सुनेचा रुसवा सासूला.

“पुढचं बिल असंच आलं,” भावोजी म्हणाले, “तर कॅमेरे उतरवायचे आणि भंगारात घालायचे. रजिस्टर होतंच की आपलं. गेटवर एक माणूस बास. टेबल नको.”

हे त्यांनी काकीसमोर म्हटलं. ती फाईल द्यायला आली होती. भावोजी गेल्यावर ती तिथेच उभी राहिली.

“बाय, खरा सांगा. टेबल उचलनार काय?”

“नाही उचलणार.”

“मालक तं बोललं.”

“मालक बोलले. मी अजून बोलले नाही.”

हे मी फार रुबाबात म्हटलं. पुढे काय बोलायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

पनवेलहून आमच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. दोन मुलांचा बाप आहे, पण भावोजी त्याला ‘तो पोरगा’च म्हणतात. मी त्याला अट घातली: जो शब्द मला दोनदा विचारावा लागेल, तो वापरायचा नाही. बिचारा पहिली पाच मिनिटं नुसता घसा खाकरत राहिला. मग त्याने माझं टेबल ताब्यात घेतलं.

“हा स्टेपलर म्हणजे आपला कॉम्प्युटर, जो फोटो ताडून बघतो. हा टाचण्यांचा डबा म्हणजे गोडाऊन, जिथे सगळे फोटो राहतात. दोन्ही क्लाऊडमधले.”

“दोन्ही एकाच कंपनीचे?”

“हो मॅडम.”

“एकाच आवारात?”

“एकाच. शेजारी शेजारीच समजा.”

“मग फोटो स्टेपलरकडून डब्यात कसा जातो, दाखव.”

त्याने स्टेपलरवर बोट ठेवलं, तिथून टेबलाच्या कडेपर्यंत नेलं, कडेवरून खाली उतरवलं, माझ्या खुर्चीमागून फिरून पलीकडून वर आणलं आणि डब्यावर टेकवलं. त्यासाठी त्याला उठून उभं राहावं लागलं.

“हे काय?”

“पब्लिक रस्ता. आवाराचं बाहेर जायचं एक गेट असतं, त्या गेटवर वजनावर पैसे. फोटो ठेवायला जाताना पण आणि ताडून बघायला परत आणताना पण. सरांनी रेघ मारलीय ना, ती लाइन हीच.”

“आतून रस्ता नाही?”

“आहे ना! प्रायव्हेट रस्ता. ह्या गोडाऊनसाठी तर तो फुकट आहे. फक्त जोडायचा.”

“मग इतके दिवस जोडला का नाहीस?”

त्याने आधी दाराकडे पाहिलं. दार बंद आहे याची खात्री झाल्यावर म्हणाला, “सरांची रिक्वायरमेंट होती.”

मला ती बैठक लख्ख आठवली. भावोजींचा गेटवर देवापेक्षा जास्त विश्वास आहे. त्याला कारणही आहे. पूर्वी यार्डाला मागच्या बाजूने, खाडीच्या बांधाकडे एक दार होतं आणि त्या दारातून टायर आपल्या पायांनी चालत जायचे. भावोजींनी ते दार विटांनी बुजवलं. तेव्हापासून एकच गेट, एकच रजिस्टर. गेटपास फाटला नाही, तर वस्तू हललीच नाही, असं ते मानतात. आणि हललेली दिसली, तर चोरी. कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी बजावलं होतं, “तुझ्या त्या क्लाऊडमध्येही गेट एकच ठेव. काय हलेल ते गेटवरून हलेल. आणि गोडाऊनवाल्याला सांगून ठेव, आपल्या गेटवरून आलेलं नसेल, तर कशालाही हात लावायचा नाही.” त्या माणसाने शब्दाला शब्द पाळला होता. गाडीच्या धंद्यातला मालक आणि नवं काम मिळालेला कॉम्प्युटरवाला एकत्र आले, की असा राजमार्ग तयार होतो.

म्हणजे भावोजी जे बिल नाचवत होते, ते त्यांच्याच हुकमाचं होतं. आता हे त्यांना सांगायचं कोणी?

मी पर्याय मांडले. मी तोंडावर सांगितलं, तर आपला हुकूम चुकला नव्हता हे सिद्ध करायला ते संध्याकाळच्या आत कॅमेरे उतरवतील. यजमानांना सांगायला लावलं, तर त्यांचा एखादा ट्रेलर त्याच क्षणी माणगावला बंद पडेल. कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, तर पुन्हा पनवेल ते उरण प्रवासाचा त्याला प्रश्न राहणार नाही. लेखी दिलं, तर कागदावर ‘बघू’ असा शेरा मारून परत येईल. भावोजींच्या ‘बघू’ला तारीख नसते. सगळे पर्याय खोडले आणि मी मागे घरी गेले.

घर यार्डाच्याच आवारात, मागच्या अंगाला आहे. पुढचं दार बाजूच्या गावरस्त्यावर उघडतं, स्वयंपाकघराचं दार यार्डात. जाऊबाई ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. मी त्यांना सगळं पळी आणि डाव मांडून समजावलं. ऐकताना त्यांचे हात थांबले.

“म्हणजे यांच्या फोटोंना स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलावर यायला रस्त्यावरून फिरून यावं लागतं?”

“हो ताई.”

“आणि गेटवर त्याचे पैसे?”

“वजनावर.”

जाऊबाई हसत सुटल्या. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग गंभीर झाल्या. त्या गंभीर झाल्या, की मला भीती वाटते.

“माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “या माणसाला मी एकही गोष्ट तोंडाने पटवलेली नाही. रविवारी तळ्यातलं जिताडं येतंय, यांचा आवडता मासा. तू फक्त वॉचमनला सांगून ठेव.”

रविवारी भावोजी जेवायला बसले. रविवारच्या जेवणाला ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसतात. जिताडं असलं, तर कोणाचा फोन घेत नाहीत. त्यांच्यासमोर मी. ताटात नुसता भात वाढलेला.

“कालवण आणा गं,” त्यांनी आत हाक दिली.

थोड्या वेळाने खिडकीतून जाऊबाई दिसल्या. दोन्ही हातांत कालवणाचं पातेलं, डोक्यावर पदर. यार्डातून सरळ गेटच्या दिशेने चालल्या होत्या.

“ही कुठे चालली?”

“गेटवर,” मी म्हटलं.

“कालवण घेऊन?”

“हो.”

भावोजींनी भाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे पाहिलं. गेटवर काय झालं ते मला नंतर कळलं. वॉचमनने गेटपासचं पुस्तक काढून ‘माल: जिताड्याचं कालवण, स्थिती: गरम’ असं लिहिलं. काकीने पातेल्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि डाव्या कानाशी असलेला जुना पोचा नोंदवून घेतला. रांगेतल्या ट्रेलरवाल्यांपैकी एकाने विचारलं, “वहिनी, ही गाडी कुठल्या पोर्टला?” जाऊबाई म्हणाल्या, “लांब जायचंय बाबा, नवऱ्याकडे.” मग वॉचमनने वजनाचा आकार म्हणून त्यातल्या दोन तुकड्या आपल्या डब्यात काढून घेतल्या. हे मी सांगितलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं डोकं.

पुढच्या दाराची बेल वाजली. भावोजीच उठले. दारात जाऊबाई, रस्त्यावरून चालून लाल झालेल्या.

“सही करा,” त्या म्हणाल्या, “मग पातेलं देते.”

“मधलं दार काय मेलं? हात लांब केला तर स्वयंपाकघर आहे!”

“तसं कसं? काय हलेल ते गेटवरून हलेल. सही करा, निवतंय.”

भावोजींनी सही केली. भुकेला माणूस कुठेही सही करतो. पातेलं टेबलावर आलं. त्यांनी डाव फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“मधल्या तुकड्या कुठायत?”

“गेटचा आकार,” जाऊबाई म्हणाल्या. “वजनावर असतो. आता भाकऱ्या आणते, त्याही तशाच येतील. आणि रिकामं पातेलं परत जाताना पुन्हा आकार पडेल बरं, येताना-जाताना दोन्हीकडे आहे.”

भावोजी सावकाश माझ्याकडे वळले.

“हे तुझं डोकं.”

“अर्धं,” मी म्हटलं आणि दोन वाक्यांत त्यांना फोटोंचा रस्ता सांगितला. रस्ता कोणी आखला, ते सांगितलं नाही.

“कुठल्या गाढवाने असं ठेवलं?”

मी भातातला खडा शोधू लागले. भात स्वच्छ होता. जाऊबाई म्हणाल्या, “ठेवलं असेल कोणीतरी. माणूस हुशार असणार, गेटचा पक्का.”

भावोजींनी एक तुकडी खाल्ली, काटा ताटाच्या कडेला ठेवला, दुसरी खाल्ली. निवलेलं असलं, तरी जिताडंच ते. बोटं चाटून म्हणाले, “उद्या त्या पोराला बोलाव. आतला रस्ता जोडू दे. पण मी समोर बसणार. आणि आता भाकऱ्या मधल्या दाराने आणा, नाहीतर मी वॉचमनकडे जेवायला जातो.”

सोमवारी भावोजी खुर्ची ओढून कॉम्प्युटरवाल्याच्या खांद्यामागे बसले. त्याने चार ठिकाणी माऊस दाबला आणि म्हणाला, “झालं सर.”

“झालं? आवाजसुद्धा नाही?” भावोजींना भिंत फोडल्यासारखं काहीतरी अपेक्षित होतं.

आवाज आला, पण गेटकडून. आधी एक हॉर्न, मग तीन, मग सगळे. माझा फोन वाजला. काकी होती.

“बाय, पडदा लाल झालाय. फोटो निघतंय, पन एकबी आत जात न्हाय.”

कॉम्प्युटरवाल्याने पुन्हा पुन्हा काहीतरी दाबलं. “ॲक्सेस डिनाइड,” तो पुटपुटला.

“मराठीत सांग,” मी म्हटलं.

“गोडाऊन माल घेत नाहीये.”

रांग रस्त्यापर्यंत गेली असणार. मालक समोर बसलेले, कॅमेरे उतरवायला याहून चांगला मुहूर्त त्यांना मिळणार नव्हता.

“का घेत नाही?” भावोजींनी विचारलं.

कॉम्प्युटरवाल्याने माझ्याकडे दीनवाणं पाहिलं, मग डोळे मिटून बोलून टाकलं. “सर, तुम्हीच सांगितलं होतं. आपल्या गेटवरून आलेलं नसेल, तर हात लावायचा नाही. मी तसा नियम घातला होता. आता फोटो आतल्या रस्त्याने जातायत, तर गोडाऊन म्हणतंय, हे गेटवरून आलेलं नाही.”

भावोजी पुढे वाकले.

“म्हणजे अजून पाळतंय?”

“हो सर.”

“आपलाच माल असून?”

“आपलाच असून. मालक असलात तरी नाही घेणार.”

भावोजींच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी त्यांच्या पहिल्या नातवाच्या बारशाला पाहिलं होतं. त्यांनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात गोडाऊनवाला! वॉचमनला बोलाव, बघू दे म्हणावं. तो दोन तुकड्यांवर फुटला, आणि हा बघ!”

“भावोजी, बाहेर रांग लागलीय.”

“लागू दे. कौतुक तरी करू दे.”

खिडकीतून गेट दिसत होतं. काकी टेबल सोडून पहिल्या ट्रेलरसमोर आडवी उभी होती. हातात स्वतःचा मोबाइल. धाकटी नंबर ओरडत होती आणि काकी प्रत्येक कंटेनरभोवती फिरून फोटो काढत होती, वाकून, चवड्यांवर उभी राहून.

“काकी, सोड ना, बोट सुटेल माझी,” एक ड्रायव्हर ओरडला.

“फोटो झाल्याबिगर चाक हलनार न्हाय.”

“मग माझा पण काढ, बायकोला पाठवतो.”

“तुज्या थोबाडाला पन पोचा हाय. तो आदी लिवून घेते, नायतर तुजी बायको बोलंल, यार्डातच पडला.”

रांगेत हशा पिकला. हॉर्न थांबले. भावोजी खिडकीशी उभे राहून हे बघत होते. मला बोलायचा मोह आवरावा लागला. कधी गप्प राहायचं, हेही मी आधीच ठरवून ठेवते.

तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्याने गोडाऊनचा नियम बदलला: आता आपल्या आतल्या दाराने आलेला माल घ्यायचा, दुसऱ्या कोणत्याच दाराचा नाही. पडदा हिरवा झाला. काकीने मोबाइलवर काढलेले फोटो मागाहून चढवले, एकही कंटेनर सुटला नव्हता. जाताना कॉम्प्युटरवाला धीर करून म्हणाला, “सर, तसं हे जास्त सेफ आहे. आता फोटो पब्लिक रस्त्यावर जातच नाहीत.”

“मग मी पहिल्यापासून काय सांगतोय?” भावोजी म्हणाले.

पुढचं बिल आलं, तेव्हा मी ते त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवून समोर बसले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ शोधली. ओळ होती, पण वाळत घातलेल्या बोंबलासारखी सुकलेली. त्यांनी बिल उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

“कमी झालं.”

“हो.”

“टेबल राहू दे मग. त्या बाईला गेटवर छत्री मोठी घालून दे, परवा उन्हात फिरत होती.”

एवढंच. नंतर ट्रान्सपोर्टवाल्यांच्या चहापानात त्यांनी सगळ्यांना ‘माल आतून फिरवा, बाहेरचं गेट खातं’ असं समजावून सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. तिथल्या दोघांनी मला कॉम्प्युटरवाल्याचा नंबर विचारला. मी दिला. कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं. भावोजींची, असं मी सांगितलं. गेटच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं.

काकीला सांगायला मी स्वतः गेटवर गेले. ती पडद्यात डोकं घालून बसली होती.

“टेबल राहिलं,” मी म्हटलं. “मालकांनीच सांगितलं.”

तिने पदराच्या टोकाने पडदा पुसला. तो स्वच्छच होता. धाकटीला म्हणाली, “आयकला?” मग हात मांडीवर ठेवले. गेल्या पूर्ण महिन्यात तिने एक सुट्टी घेतली नव्हती. भाचीच्या साखरपुड्यालासुद्धा गेली नव्हती. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलेल.

“मंग बाय,” ती म्हणाली, “शिमग्याला मना सुट्टी पायजे.”

“किती दिवस?”

“होलीचा दिस. दुसरा दिस. न तिसरा पन. नाचून पाय दुखतान.”

“आणि धाकटी?”

“ती पन माज्याबरोबर नाचते.”

“मग टेबलावर कोण बसणार?”

काकीने मला वरून खाली, डावीकडून उजवीकडे असं न्याहाळलं, जसं ती आत येणाऱ्या कंटेनरला न्याहाळते.

“तुमी हायत न.”

शिमग्याचे ते दिवस मी गेटवर काढले. गावातून ढोल ऐकू येत होता आणि प्रत्येक ड्रायव्हर काच खाली करून आधी ‘काकी कुठाय’ विचारत होता, मग माझ्याकडे बघून सरळ बसत होता. परत आली, तेव्हा काकीच्या कानामागे अजून गुलाल होता. खुर्चीवर बसल्याबसल्या तिने माझे सगळे फोटो उघडले आणि एकावर येऊन थांबली.

“ही सावली म्हनून सोडलीत?”

“सावलीच आहे ती.”

“पोचा हाय.” तिने बोटाने कडा दाखवली. आता मलाही दिसला.

“एक सुटला फक्त,” मी म्हटलं.

“पुडच्या शिमग्याला तुमी बी नाचायला या,” काकी म्हणाली. “टेबलावर मालकांना बसवू. त्यांना गेटची आवड हाय.”